पाळीचं पाणी आणि आमची बोट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही 'मुलीच्या वयाची आहेस म्हणून स्पष्ट लिहितो' असं म्हटलंत, म्हणून मीही काकाच म्हणते. तुमची प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. उत्तराला तीन आठवडे लागले, त्याबद्दल माफ करा.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी आणि नवरा इंग्लंडच्या कालव्यांवर बोटीतच राहतो. काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं निरा डाव्या कालव्यावर. नॅप्टन गावाजवळच्या, बोटी खाली-वर नेणाऱ्या लॉकबद्दलच्या माझ्या लेखावर त्यांचे तीन आक्षेप आहेत. पहिला, एका हौशी जोडप्याची बोट खाली उतरावी म्हणून लाखभर लिटर पाणी सोडून देणं ही उधळपट्टी आहे आणि पाण्याच्या पाळीसाठी रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला हे वाचून वाईट वाटेल. दुसरा, लॉकमध्ये बोट अडकल्याचा प्रसंग मी 'थोडक्यात वाचलो' म्हणून तीन ओळींत उरकला आणि चूक कुणाची, कुठे झाली, ते सांगितलंच नाही. तिसरा आक्षेप 'लंडनच्या घरभाड्यापेक्षा स्वस्त' या माझ्या वाक्यावर आहे. शिकायला आलेली पोरं हे वाचून कर्ज काढून बोट घेतील, असं काका म्हणतात.

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो खरा आहे.

ऑक्सफर्ड कालव्याचा माथा, म्हणजे त्याचा सगळ्यात उंचावरचा टप्पा, क्लेडन ते मार्स्टन डोल्स असा सुमारे ११ मैलांचा आहे. तिथून उत्तरेला निघालं की नॅप्टनची नऊ लॉक उतरावी लागतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना गेट असलेला बांधीव हौद. वरचं गेट बंद करायचं, खालच्या गेटातल्या झडपा उघडायच्या, की पाण्याबरोबर बोट खाली जाते. या झडपांना इथे पॅडल म्हणतात. वरचं गेट ज्या बांधीव पायरीवर टेकतं ती पायरी गेटाच्या पुढे चार-पाच फूट हौदात आलेली असते. इथे तिला सिल म्हणतात, आपण उंबरठा म्हणू. हौद भरलेला असताना हा उंबरठा पाण्याखाली असतो, दिसत नाही. तो कुठपर्यंत आहे हे कळावं म्हणून बाजूच्या भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. बोटीचा मागचा भाग त्या रेघेच्या पुढेच राहिला पाहिजे. खाली उतरताना पाळायचा सगळ्यात मोठा नियम हाच.

आमची बोट ५७ फुटांची आणि लॉक ७० फुटांहून थोडं अधिक. म्हणजे पुढेमागे मिळून पंधराएक फूट मोकळे. ऑक्टोबरची सकाळ होती, चौथं लॉक. नवरा खालच्या गेटाशी पॅडल उघडत होता, मी सुकाणूवर. काठाने कुत्र्याला फिरवायला निघालेलं एक वयस्क जोडपं थांबलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, असं त्यांनी विचारलं आणि मी मान वळवून उत्तर देऊ लागले. इंजिन न्यूट्रलवर होतं. तेवढ्या वेळात बोट दोन-तीन हात मागे सरकली आणि सुकाणूचा तळ उंबरठ्यावर बसला.

ते आधी पायाला कळलं. पायाखालचा डेक पुढे कलायला लागला. मागचा भाग अडकून राहिला होता आणि पाणी उतरत होतं, त्यामुळे नाक खाली चाललं होतं. आत भांड्यांचा आवाज झाला, शेगडीवरची किटली खाली पडली. मी ओरडले, 'बंद कर!' नवऱ्याने खिट्टी काढून दोन्ही पॅडल धाडकन खाली सोडली आणि मग वर धावला. हा क्रम महत्त्वाचा आहे. घाबरलेला माणूस आधी वरचं पाणी सोडायला धावतो आणि खालची झडप तशीच उघडी राहते. आधी खालचं बंद, मग वरचं, आणि तेही हळूहळू. दोन-तीन मिनिटांत पाणी चढलं, बोट एक गचका देऊन सुटली. पुढच्या डेकवरचं पाणी निघून जाण्याच्या भोकांतून तोवर पाणी आत यायला लागलं होतं. अरुंद लॉक रिकामं व्हायला मोजून काही मिनिटं लागतात. आणखी एखादं मिनिट गेलं असतं, तर ते पुढच्या दारातून घरात शिरलं असतं आणि आमचं घर त्या हौदात बुडालं असतं.

चूक माझी होती. रेघेवरची नजर मी काढली, इंजिन अगदी मंद पुढच्या गिअरवर ठेवून नाक गेटाशी टेकवून ठेवलं नाही, आणि दोघांमध्ये खुणा ठरलेल्या नव्हत्या. आता ठरल्या आहेत. मी हात वर केल्याशिवाय तो पॅडल अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही, आणि लॉकमध्ये असताना कुणी कितीही प्रेमाने बोलायला आलं तरी मी आधी माफी मागून थांबायला सांगते.

हे सगळं मूळ लेखात का नव्हतं? साताऱ्याला आई हे लेख वाचते. तिला झोप लागणार नाही म्हणून मी तो प्रसंग छोटा केला. पण त्यामुळे दुसऱ्या कुणाला हा धोका कळलाच नाही, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा माझ्या लक्षात आलं. आईला परवा फोनवर सगळं सांगितलं.

आता पाणी. माझे आजोबा फलटणकडचे. कॅनॉलला आवर्तन सुटलं की रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे, आणि पाळी चुकली म्हणून बांधावरून झालेली भांडणं मी लहानपणी ऐकलेली आहेत. त्यामुळे तुमचा आक्षेप मला परका नाही. आकडाही तुमचा बरोबर आहे. नॅप्टनसारख्या सात फुटी लॉकला एका वेळी सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं, ग्रँड युनियन कालव्याच्या रुंद लॉकना त्याच्या दुप्पट.

पण तुमचे कालवे आणि हे कालवे यांच्यात एक मूळचा फरक आहे. तुमच्या कालव्याला उतार असतो, पाणी शेतापर्यंत वाहत जावं म्हणून. इथला कालवा दोन लॉकच्या मध्ये जवळजवळ सपाट असतो, कारण तो पाणी न्यायला खणलेलाच नाही, माल न्यायला खणला आहे. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या वर्स्लीच्या खाणीतला कोळसा कालव्याने मँचेस्टरला जाऊ लागला आणि तिथला कोळशाचा भाव निम्म्यावर आला, तिथून या देशात कालव्यांची लाट सुरू झाली. त्या कामावरचे जेम्स ब्रिंडली यांनीच पुढे मध्य इंग्लंडच्या कालव्यांना सात फुटी लॉक दिली. बोगद्याचा खर्च आणि माथ्यावरचं पाणी, दोन्हींची काटकसर त्यात होती. आमची बोट ६ फूट १० इंच रुंद आहे ती अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या काटकसरीमुळे.

लॉकमधून सोडलेलं पाणी खालच्या टप्प्यात जातं आणि खालच्या लॉकला तेच वापरलं जातं. काही ठिकाणी पंप लावून ते परत वर नेतात. माथ्यावरचं पाणी मात्र कमी होतंच, ते भरून काढायला ऑक्सफर्ड कालव्याला बॉडिंग्टन, क्लॅटरकोट, वर्मलेटन असे तलाव आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात पाऊस कमी पडला तेव्हा लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग बंद ठेवावा लागला. तलावात पाणी नाही तर बोटींना वाट नाही, आणि ते योग्यच आहे. समोरून बोट येत असेल तर भरलेलं लॉक तिच्यासाठी ठेवायचं, रुंद लॉकमध्ये दोन बोटींनी जोडीने जायचं, ही इथली पाळी. ती मोडणाऱ्याला काठावरचे लोक तोंडावर सुनावतात.

आणि यातलं पाणी माणसं पितातही. ग्लॉस्टर-शार्पनेस कालव्यातून ब्रिस्टल शहराला पिण्याचं पाणी जातं. मालवाहतूक संपली म्हणून कालवा बुजवला असता तर तेही गेलं असतं. खरोखर बरेच बुजवले गेले. लांब पल्ल्याचा शेवटचा नियमित कोळसा ॲथरस्टोनहून लंडनमधल्या साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला जायचा, तो १९७० मध्ये थांबला. तोवर बोटवाल्यांची कुटुंबं दहा फूट बाय सात फुटांच्या मागच्या खोलीत जगत होती, तिथेच चूल, तिथेच अंथरूण, तिथेच बाळंतपण. मुलांना धड शाळा नाही. स्टोक ब्रुअर्न गावात सिस्टर मेरी वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या, त्या बोटींवरच्या लोकांची शुश्रूषा करत, आणि बोटवाली माणसं आजार अंगावर काढत त्यांच्या गावापर्यंत येत. त्या गावात बोट बांधली की मला हे दर वेळी आठवतं. तुम्ही आम्हाला हौशी म्हणालात, ते खरं आहे. पण त्या माणसांचा धंदा बसल्यावर हे लॉक चालू राहिले ते हौशी लोकांनी गाळ उपसला, गेटं दुरुस्त करायला लावली म्हणून.

आमच्या घराच्या पाण्याबद्दल एवढंच सांगते की टाकी ५०० लिटरची आहे आणि ती दोघांना नऊ-दहा दिवस जाते. इथे जमिनीवरचा माणूस दिवसाला सरासरी १४० लिटरच्या आसपास पाणी वापरतो. टाकी भरायला नळकोंडाळ्यापाशी पाऊण तास उभं राहावं लागतं, त्यामुळे प्रत्येक तांब्या मोजला जातो.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हे लंडनमधल्या मराठी वाचकांना सांगायचंच होतं. कालवा जवळजवळ सपाट असतो हे वर लिहिलं, म्हणजे त्याचं पाणी वाहत नाही. साउथॉलजवळ आमच्या बोटीला ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात एकदा साडी अडकली. जरीचे काठ असलेली, कुणीतरी मनापासून सोडलेली. इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, मागचं झाकण उघडून, गार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून ती सुरीने कापून काढायला दीड तास लागला. त्याच पट्ट्यात नारळ तरंगताना मी अनेकदा पाहिले आहेत. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडावं असं आपल्याकडे म्हणतात. हे वाहतं पाणी नाही. इथे सोडलेलं तिथेच राहतं, बदकांच्या पायात, नाहीतर कुणाच्या तरी पंख्यात. कृपा करून सोडू नका.

तिसरा आक्षेप. 'स्वस्त' हा शब्द मी मागे घेते. लेखातूनही काढला आहे. बोटीची किंमत दिसते, पुढचा खर्च दिसत नाही. लांबीप्रमाणे परवाना घ्यावा लागतो, आमच्या लांबीला वर्षाला हजार पौंडांच्या वर. बोट बांधायची कायमची जागा नसेल तर २०२४ पासून त्यावर जादा आकार. विमा सक्तीचा. दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणी. दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप. गॅस, डिझेल, कोळसा, बॅटऱ्या वेगळ्या. आणि जागा नसलेल्यांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. विद्यापीठ एकाच गावात, परीक्षा जानेवारीत, आणि हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद. विद्यार्थ्याला हे जमणं फार अवघड आहे.

गेल्या वर्षी एका मराठी मुलाने मेल करून विचारलं होतं, स्वस्तात बोट मिळतेय, घेऊ का? नवीन बोटीचा पत्रा साधारण तळाला १० मिलिमीटर, बाजूला ६ आणि छपराला ४ असतो. मी त्याला सांगितलं की पैसे देण्याआधी बोट कोरड्या गोदीत काढून, स्वतःच्या खर्चाने पत्र्याची जाडी मोजून घे. त्याने मोजून घेतली. तळाचे काही भाग ४ च्याही खाली होते. तो वाचला, पण त्याने मला विचारलं म्हणून. ज्यांनी फक्त माझं वाक्य वाचलं आणि विचारलं नाही, त्यांची काळजी तुम्हाला वाटली, ती मला आधी वाटायला हवी होती.

आणखी एक गोष्ट त्याच पोरांसाठी. थंडीत शेगडी पेटवून सगळ्या फटी बुजवू नका. छपरावरची वायुवीजनाची भोकं आणि दारातल्या जाळ्या उघड्याच राहू द्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दर आठवड्याला दाबून बघा. या वायूला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं : गेटं कशाची असतात आणि किती टिकतात. ओकच्या लाकडाची, वेकफील्डजवळच्या स्टॅन्ली फेरी आणि वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या ब्रॅडली इथल्या कार्यशाळांत अजून सुतार ती बनवतात. प्रत्येक लॉकच्या मापाची वेगळी, कारण दोन लॉक नेमकी सारखी नसतात. साधारण पंचवीस वर्षं टिकतात. पाण्याचा दाब गेटांना एकमेकांवर घट्ट दाबून धरतो, म्हणून रबर न लावताही ती बरीचशी बंद राहतात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं समजेल. नॅप्टनच्या गेटाचे आणि झडपेच्या दातेरी पट्टीचे फोटो काढून ठेवले आहेत, तुमच्या मेलवर पाठवते.

तुमची प्रतिक्रिया मी मूळ लेखाच्या वर, पहिल्या ओळीच्या आधी लावली आहे.