‘रिपोर्ट मर्यादेत आहे’ हे पुरेसं नाही

नमस्कार साकीनाकेकर,

छपाईच्या गाळ्यावरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की मालकाने हवा तपासून घेतली, थिनरमधलं टोल्युईन मर्यादेत निघालं, मग कामगारांच्या डोकेदुखीचं खापर थिनरवर कशाला? लोकलला लटकून येणाऱ्याचं डोकं दुखणारच.

लोकलने सगळेच येतात हो. बाइंडिंगच्या टेबलावरच्यांची तक्रार नव्हती, ऑफसेट मशीनवरच्यांची होती. दुपारनंतर वाढायची, रविवारी नसायची. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण कुठे आणि कधी मोजायचं ते कळतं. म्हणून आधी विचारपूस, मग हवेचा नमुना घेणारे पंप आणि नळ्या.

आता रिपोर्ट. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युईनला दोन मर्यादा होत्या: आठ तासांच्या सरासरीला 100 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आणि 15 मिनिटांसाठी 150. तुम्ही उतरवून दिलेल्या रिपोर्टात आकडा एकच, तोही दाराजवळ स्टुलावर घेतलेल्या नमुन्याचा. दाराजवळ उभं राहून कोणी ब्लँकेट, म्हणजे मशीनच्या रुळावरचं रबर, धूत नाही. माणूस मशीनवर ओणवा होतो, वॉशमध्ये, म्हणजे शाई पुसायच्या द्रवात, भिजवलेला बोळा रबरावरून फिरवतो आणि बिनझाकणाच्या डब्यात टाकतो. डबा तिथेच, पायाशी, दिवसभर वाफ सोडत. म्हणून नळी कॉलरला लावायची, नाकापासून वीतभर अंतरावर, पंप कमरेला, आणि पूर्ण पाळी मोजायची. धुण्याच्या वेळचा नमुना वेगळा.

शिवाय वॉशमध्ये बहुतेक वेळा एकटं टोल्युईन नसतं. शरीरावर सारख्या परिणामाची सॉल्व्हंट (शाई विरघळवणारी द्रव्यं) असतील, तर प्रत्येकाचं त्याच्या मर्यादेशी प्रमाण काढून बेरीज करतात. ती एकच्या वर गेली, तर सुटे आकडे मर्यादेत असूनही हवा मर्यादेबाहेर.

‘एसी आहे, प्युरिफायरही आहे’ म्हणता. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. प्युरिफायरमधला हेपा फिल्टर धूळ अडवतो, वाफ नाही. तिला कार्बनचा फिल्टर लागतो, तोही काही काळाने भरून निकामी होतो. बाहेर हवा टाकणारा एकुलता एक्झॉस्ट फॅन पावसाचं पाणी आत येतं म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेला होता. मुंबईतल्या कितीतरी गाळ्यांत हेच.

मालकाला खलनायक ठरवायचं नाहीये. झाकणाचा डबा आणि पंख्यावर पत्र्याची पडवी, खर्च किरकोळ आहे. फेरतपासणी मात्र करावीच. कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य पाहणारी सरकारी केंद्रीय श्रम संस्था शीवलाच आहे, विचारणा तिथूनही करता येईल.

आणि एक बघून सांगा: त्या रिपोर्टात नमुना किती वाजता घेतला, तेव्हा मशीन चालू होतं का, हे कुठे लिहिलंय?