‘ट्रीटेड’ पावडर काठीने ढवळून मिसळत नाही

माझ्या भाच्याचं भोसरीला एफआरपीचं, म्हणजे काचतंतू आणि रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) यांच्या मालाचं, छोटं वर्कशॉप आहे. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला. ‘ट्रीटेड कार्बन नॅनोट्यूब पावडर रेझिनमध्ये टाका, काठीने ढवळा, माल पोलादाच्या शंभरपट मजबूत. शुद्ध कार्बन, म्हणून पूर्ण सुरक्षित.’ खाली त्याचा प्रश्न : ‘मामा, एक किलो मागवू?’ नको मागवूस.

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनची अतिसूक्ष्म नळी. शंभरपटीचं एका सुट्या नळीपुरतं खरं आहे, एवढं मान्य करतो. २००० साली एकेक नळी ताणून पाहिली तेव्हा ताकद ११ ते ६३ गिगापास्कल (ताण मोजायचं एकक) भरली. साधं पोलाद अर्ध्या गिगापास्कलच्या आसपास तुटतं. पण गिऱ्हाईक सुटी नळी विकत घेत नाही.

खरा घोळ ‘काठीने ढवळा’ या शब्दांत आहे. या नळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटतात की पावडरीचा डोळ्याला दिसणारा प्रत्येक कण म्हणजे असंख्य नळ्यांचा गुंता असतो. ट्रीटमेंट म्हणजे नळीच्या अंगावर रेझिनशी जुळणारे रासायनिक गट बसवणं. त्याने सुटलेल्या नळ्या पुन्हा गोळा होणं कमी होतं आणि रेझिनची पकड बसते. गुंता सोडवायला मात्र जोरच लागतो. हॅम्बुर्गच्या तांत्रिक विद्यापीठात गोज्नी आणि सहकाऱ्यांनी अमाइन-ट्रीटेड, म्हणजे अमाइन हे गट बसवलेल्या, नळ्या इपॉक्सी या रेझिनमध्ये मिसळल्या त्या थ्री-रोल मिलवर, म्हणजे छपाईची शाई घोटतात तसल्या यंत्रावर. २००५ च्या त्यांच्या निबंधात ०.५ टक्के नळ्यांनी ताकद १० टक्के वाढली, चिवटपणा ४३ टक्के. हे ४३ टक्के मोलाचे आहेत, पण ते मिलवर घोटून मिळालेले आहेत. काठीने गुठळ्याच राहतात. त्या काचतंतूंच्या मॅटवर गाळल्यासारख्या अडकतात, आणि तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय रेझिन दाट होतं, हवेचे बुडबुडे सुटत नाहीत, मॅट नीट भिजत नाही. आणि तू वापरतोस पॉलिएस्टर रेझिन. अमाइनचे गट जुळतात ते इपॉक्सीशी!

‘कार्बन म्हणून सुरक्षित’ वाचून तर संताप झाला. अ‍ॅस्बेस्टॉसचा धोका त्याच्या तंतूंच्या आकारात आणि टिकाऊपणात आहे, आणि लांब, ताठ नळ्यांबद्दल तीच भीती आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये कामगारांसाठी हवेतल्या नळ्यांची सुचवलेली मर्यादा घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम आहे. तुझी पोरं तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवतात. कुणी सॅम्पलची पिशवी दिलीच, तर ती शेडमध्ये उघडू नकोस.