म्नेमोसिनी फक्त म्यूझेसची आई नाही

तुमचा लेख आवडला, पण म्नेमोसिनीला, म्हणजे ग्रीकांच्या स्मृतीच्या देवीला, 'झ्यूसपासून नऊ म्यूझेस (कलांच्या देवी) झालेली टायटन (झ्यूसच्या आधीच्या पिढीतली देवता)' एवढ्यावरच संपवलंत ते खटकलं. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने ते सांगितलंय, बरोबर आहे, पण लोक तिच्याकडे खरंच काहीतरी मागायला जायचे हो! ग्रीसमधल्या लेबाडियाला ट्रोफोनिअस या दैवी पुरुषाला भविष्य विचारायचं स्थान होतं, तिथे जमिनीखाली आत उतरायच्या आधी माणसाला दोन झऱ्यांचं पाणी पाजायचे, आधी लीथीचं (विस्मृतीचं), डोक्यातलं सगळं पुसलं जावं म्हणून, मग म्नेमोसिनीचं, आत जे दिसेल ते लक्षात राहावं म्हणून. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअस स्वतः तिथे जाऊन आला होता, तो लिहितो की बाहेर आल्यावर माणसाला स्मृतीच्या आसनावर बसवून काय पाहिलं ते विचारायचे.

आणि मेलेल्यांबरोबर पुरलेले ते सोन्याचे पातळ, लिहिलेले पत्रे! दक्षिण इटलीत हिपोनिअनला एका बाईच्या कबरीत सापडलेला पत्रा साधारण इ.स.पू. ४०० चा आहे, त्यात मेलेल्या माणसाला सांगितलंय की पांढऱ्या सायप्रसजवळच्या झऱ्याकडे फिरकूसुद्धा नकोस, पुढे जा, स्मृतीच्या तळ्याचं गार पाणी माग. मेल्यावरसुद्धा आपण कोण ते विसरू नये म्हणून कुणीतरी ते बरोबर पुरलंय, मला हे वाचून अक्षरशः भरून आलं.