‘शिजवणे’ या शब्दाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय ‘जलस्नेही’,

घरच्या टाकीत हिलस्ट्रीम लोच, म्हणजे डोंगरी ओढ्यात दगडांना चिकटून राहणारा छोटा मासा, पाळण्याविषयीच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि उत्तराला मुद्दाम चार दिवस लावले, कारण पहिल्या रात्रीच लिहिले असते तर ते इथे देण्याजोगे झाले नसते. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. ‘ज्या गावात मे महिन्यात पारा ४३ वर जातो, तिथे डोंगरी ओढ्यातला मासा पाळणे म्हणजे हौसेपायी मुक्या जिवाला शिजवणे होय,’ हे आपले पहिले वाक्य. पुढे आपण आणखी तीन आक्षेप घेतले आहेत : हा मासा नुसत्या शेवाळावर जगत नाही, बाजारात येणारे बहुतेक मासे ओढ्यांतून पकडलेले असतात, आणि टाकीतले पाणी तासाला वीस वेळा फिरवणे हा विजेचा अपव्यय आहे.

शेवाळाबाबत आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते मी विनातक्रार मान्य करतो. वाहत्या पाण्यातल्या गोट्यांवर जो बुळबुळीत थर धरतो, त्यात शेवाळाबरोबर डायटम (डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवाले), सूक्ष्म जीव आणि किड्यांच्या बारीक अळ्याही असतात, आणि हा मासा तो सगळा थर खरवडून खातो. मी ‘शेवाळ’ एवढेच लिहून मोकळा झालो होतो. ते वाक्य आज दुरुस्त केले आहे.

आता ‘शिजवणे’. ‘मे महिन्यात तुमच्या टाकीतले पाणी किती अंशांवर असते?’ असा साधा प्रश्न आपण विचारला असता, तर त्याला एका ओळीत उत्तर मिळाले असते : गेल्या मे महिन्यात दुपारी सर्वांत जास्त २६ अंश. परंतु आपल्याला आकडा नको होता, आरोपी हवा होता. हवेचा पारा ४३ म्हणजे पाण्याचाही पारा ४३, असे गृहीत धरून निकाल देणाऱ्या माणसाने घरात माठ कधी पाहिलाच नसावा.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात एकतीस वर्षे चादरी विणत होते. उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की सूत तुटू लागते, म्हणून तिथे जमिनीवर सतत पाणी मारलेले असे, आणि त्यांचा डबा घेऊन गेलेला मी त्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो की टाचांपासून गार वाटत जाई, बाहेर मात्र डांबर पाघळलेले असे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा २४ च्या आसपास येतो. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही. सोलापूरच्या ज्या कोरड्या उन्हाळ्याला आपण नावे ठेवता, त्यातच ती चालते. माझी टाकी सुमारे १५० लिटरची आहे, ती घरातल्या सर्वांत अंधाऱ्या खोलीत आहे आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे रोखलेले दोन छोटे पंखे तिच्यावर दिवसभर चालतात. उडून गेलेल्या पाण्याची भर मी आरओच्या पाण्याने घालतो, कारण पाणी उडते पण क्षार मागेच राहतात, आणि आमच्या पाण्यात ते आधीच कमी नाहीत.

आपण ‘थंड ओढा’ म्हणता, मी ‘वाहता ओढा’ म्हणतो, आणि वादाचे मूळ इथे आहे. माझ्याकडे आहेत ते व्हिएतनाममधले ‘सेवेलिया लिनिओलाटा’. सेवेलिया ही प्रजाती १९३२ मध्ये सुंदरलाल होरा या भारतीय शास्त्रज्ञांनी मांडली, आणि प्रवाहाला तोंड देता देता ओढ्यातल्या जिवांचे शरीर कसे घडते, याचा त्यांनी तपशिलाने अभ्यास केला होता. या माशाच्या छातीचे आणि पोटाचे पर पसरून जी चकती होते, ती थंडीसाठी नव्हे, वाहून न जाण्यासाठी आहे. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांना सुमारे ८.३. हा फरक आहे, पण साचलेल्या आणि खळाळत्या पाण्यातला फरक याहून कितीतरी मोठा. पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते, हे आपण म्हणण्यापूर्वीच मी म्हणतो.

याच कारणाने पाणी फिरवण्याचा आणि विजेचा मुद्दा मी लांबवत नाही. टाकीतले पाणी फिरवणारे दोन छोटे पंप (पॉवरहेड) मिळून छताच्या पंख्याच्या निम्मीही वीज घेत नाहीत.

आणि तुम्ही ‘हौसेपायी’ हा शब्द कुणाला उद्देशून लिहिता? चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात मी पिंपात पाणी साठवतो, त्यातले क्लोरीन जाऊ देतो आणि पंधरा वर्षे दर रविवारी टाकीचे एक चतुर्थांश पाणी बदलतो. भाचीच्या लग्नातून मी त्यासाठी दुपारीच परतलो होतो, आणि ते बहिणीने अजून विसरलेले नाही. हौस असती तर गोल्डफिश आणले असते.

मी सहा मासे आणले होते, आज चार आहेत. दोन गेले ते दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, वीज सात तास नव्हती तेव्हा. मी गावाला गेलो होतो आणि इन्व्हर्टर त्यानंतर घेतला. परत आलो तेव्हा उरलेले चौघे पाण्याच्या कडेशी काचेला उलटे चिकटून, निम्मे अंग पाण्याबाहेर काढून होते, आणि त्यांचे कल्ले इतके भराभर हलत होते की मोजता येईनात. ते मी मूळ लेखात लिहिले नव्हते. परंतु ते दोन मासे पंप बंद पडल्यामुळे गेले, सोलापूरच्या उन्हामुळे नव्हे, हे कृपया नीट वाचावे.

पकडून आणलेल्या माशांचा प्रश्न संपूर्ण व्यापाराचा आहे आणि चार माशांच्या टाकीपाशी उभे राहून तो सुटणार नाही, म्हणून त्यात मी शिरत नाही.

वर एका ठिकाणी आपला उल्लेख ‘तुम्ही’ असा झाला आहे, तो तसाच राहू देत आहे. मूळ लेखात शेवाळाचे वाक्य बदलले आहे आणि इन्व्हर्टरविषयी एक परिच्छेद वाढवला आहे. शीर्षक मात्र बदलणार नाही.