खुलासा : 'मेमरी.करंट' वाढला म्हणजे लीक नव्हे

लिनक्स कंटेनरबद्दल एक मेसेज फिरतोय : सीग्रुपचा (कंटेनरच्या मेमरीवर मर्यादा घालणारा लिनक्सचा गट) 'मेमरी.करंट' (त्या गटाचा आत्ताचा मेमरी वापर) मर्यादेला टेकला की प्रोग्रॅममध्ये मेमरी लीक (घेतलेली मेमरी परत न सोडणं) आहे असं समजा आणि रोज रात्री रीस्टार्ट लावा. हे चुकीचं आहे.

त्या आकड्यात प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेमरीबरोबर फाइल वाचता-लिहिताना साठलेला पेज कॅशही धरलेला असतो, शिवाय कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, त्या गटासाठी वापरलेली जागा. खात्री करायची तर कंटेनरमध्ये, आधी न वाचलेली एखादी मोठी लॉग फाइल 'कॅट' कमांडने वाचून डेव्ह-नलमध्ये (टाकलेलं सगळं फेकून देणारी जागा) सोडा. करंट फुगतो, 'मेमरी.स्टॅट'मधली (त्याच वापराचा तपशील देणारी फाइल) 'अ‍ॅनॉन' ओळ, म्हणजे प्रोग्रॅमची स्वतःची मेमरी, जवळपास जागची हलत नाही. मर्यादा आली की असा कॅश कर्नल सहसा आधी मोकळा करतो. 'डॉकर स्टॅट्स' (कंटेनरचा वापर दाखवणारी डॉकरची कमांड) म्हणूनच 'इनॅक्टिव्ह फाइल' (अलीकडे न वापरलेला फाइलचा कॅश) वजा करून आकडा दाखवतो.

मात्र 'मेमरी.स्टॅट'मधली 'फाइल'ची अख्खी ओळ वजा करू नका. टीएमपीएफएस (मेमरीतच फाइली ठेवणारी व्यवस्था) त्यातच मोजलं जातं, आणि स्वॅप (मेमरीतला डेटा हलवायला डिस्कवरची जागा) नसेल तर ते सुटत नाही. डेव्ह-एसएचएम या टीएमपीएफएस फोल्डरमध्ये डेटा टाकणाऱ्यांना हे हमखास नडतं.

लीकचा संशय असेल तर कामाचा भार तेवढाच असताना अ‍ॅनॉन चढतच राहतो का, 'मेमरी.इव्हेंट्स' फाइलमध्ये 'ओओएम किल' (मेमरी संपल्याने कर्नलने बंद पाडलेल्या प्रोसेसची संख्या) वाढतोय का, ते बघा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; तुमच्या ग्रुपवर आलाच तर हा खुलासा तिथे टाका.