ऑपरेशन का लांबवलं, मीठ का दिलं: आमचं उत्तर

नमस्कार ताई. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की वडिलांच्या उजव्या ॲड्रिनलवरच्या (मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथीवरच्या) गाठीचं ऑपरेशन आम्ही ‘उगाच’ पंधरा दिवस लांबवलं, बीपीच्या माणसाला मीठ खायला लावलं, नखाएवढ्या गाठीला तीन तास घेतले आणि वर आयसीयूचं बिल लावलं. रुग्णाची फाइल चारचौघांत उघडणं बरं नाही, म्हणून तुम्ही लिहिलंत तेवढ्यावरच बोलतो.

मिठाचा राग समजतो. एरवी पापड-लोणचं बंद करायला सांगणारे आम्हीच! पण फिओक्रोमोसायटोमा ही गाठ ॲड्रिनलिनसारखे हार्मोन रक्तात सोडत राहते. त्याने रक्तवाहिन्या आवळून बसतात आणि आतलं पाणीही कमी झालेलं असतं. अल्फा ब्लॉकरच्या गोळ्यांनी त्या सैल व्हायला साधारण ७ ते १४ दिवस जातात, आणि सैल झाल्या की भरायला पाणी नि मीठ लागतं. ही तयारी न करता गाठीला हात लावला, तर टेबलावरच बीपी २५०च्या वर उसळू शकतं. गाठीची शीर बंद केली की तेच बीपी धाडकन खाली येतं. साखरही उतरू शकते. आयसीयूतली पहिली रात्र त्यासाठीच होती.

तीन तासांचं म्हणाल, तर उजव्या ॲड्रिनलची शीर जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि थेट पोटातल्या महाशिरेत उघडते. तिथे घाई केली की रक्तस्राव आवरत नाही. दुर्बिणीतून असो की पोट उघडून, त्या सेंटिमीटरला वेळ द्यावाच लागतो.

आता आमची चूक. अंदाजपत्रकात आयसीयूची ओळच नव्हती. मिठाबद्दल तुम्ही काउंटरवर विचारलंत, तेव्हा ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच उत्तर मिळालं आणि मी ओपीडीत चार मिनिटांत उरकलं. हे तुम्ही लिहिलं नसतंत तर मला कळलंही नसतं. माफ करा. अंदाजपत्रकात आता ती ओळ घातली आहे. बिल घेऊन कधीही या, मी स्वतः बसून एकेक रक्कम समजावतो. लावायला नको होतं असं काही निघालं तर परत करू.

बाबा बरे आहेत असं शेवटी लिहिलंत, ते वाचून बरं वाटलं. वर्षातून एकदा मेटानेफ्रिनची, म्हणजे गाठ परत आली का ते सांगणारी, तपासणी मात्र चुकवू नका. आमच्याकडे यायचं नसेल तर दुसरीकडे करा. ही गाठ काही घराण्यांत चालत येते, त्यामुळे जनुकीय तपासणीचंही तिथे विचारून घ्या.

– रुग्णालयाचे संचालक व सर्जन