म्हणे इंटेलिजन्स ऑफिसर म्हणजे फुकटचा प्लेअर! एका मालवणी रेफरीचं उत्तर

गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय, मला तिघांनी पाठवला, त्यातल्या एकाने तर वर "बघ, मी सांगत होतो ना" असं लिहून. मेसेजचं म्हणणं असं की साय-फाय आरपीजीत, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र घेऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळात, इंटेलिजन्स ऑफिसर हे कॅरेक्टर कुणी घेऊ नये आणि कुणी मागितलं तरी रेफरीने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने, देऊ नये. पाच कारणं दिलीत: अंतराळातल्या जहाजावर सेन्सर आणि कॉम्प्युटर असताना हेर कशाला, त्याचं काम सिक्युरिटी आणि सायन्सवाले आधीच करतात, तो सगळं गुपित ठेवतो म्हणून टेबल, म्हणजे खेळणाऱ्यांचा गट, फुटतं, मन वाचणारे लोक असलेल्या जगात हेर टिकतच नाही, आणि नवख्या प्लेअरला हे झेपत नाही.

आता माझं सांगतो. आम्ही मालवणात पाचजण ट्रॅव्हलर नावाचा असाच अंतराळातला आरपीजी खेळतो, मी रेफरी. सीझन ठरलेला, १ जून ते ३१ जुलै, म्हणजे मासेमारी बंद आणि टुरिस्ट पण नाहीत, कारण एकाचा होमस्टे आहे, एक तारकर्लीला स्कूबावाल्यांकडे कामाला आहे, एक बँकेत आणि एक रापणकरांच्या, म्हणजे रापण ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, घरातला पोरगा. लाईट गेली की मेणबत्तीवर फासे टाकतो. तर या अनुभवावर बोलतोय, फार मोठा तज्ज्ञ वगैरे नाही.

सेन्सरचा मुद्दा आधी घेतो कारण सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्यात. हे लिहिणाऱ्याने ट्रॅव्हलर खेळलाय का हाच प्रश्न आहे. १९७७ मध्ये मार्क मिलरने हा गेम काढला तेव्हापासून त्यातला सगळ्यात भारी नियम हाच आहे की प्रकाशापेक्षा जोरात जाणारा रेडिओ नाही. एका ताऱ्याहून दुसऱ्या ताऱ्याला जायचं तर जंप मारायची, आणि जंप एक पार्सेकची (हे ताऱ्यांमधल्या अंतराचं माप) असो की सहा पार्सेकची, आठवडा लागतोच लागतो. बातमी पण जहाजातूनच येते. म्हणजे शेजारच्या सिस्टिममध्ये आज लढाई पेटली तर तुमचा सेन्सर कितीही महागडा असू दे, तुम्हाला ते कळायला कमीत कमी आठवडा जाणार, आणि ज्याने येऊन सांगितलं तो खरं बोलतोय का हे सेन्सर सांगत नाही. तारायंत्राच्या आधी आपल्या बंदरात हेच चालायचं की, गलबत लागलं की बातमी लागली, आणि तांडेलाने जे सांगितलं ते त्याच्या मालकाला सोयीचं असलेलं सांगितलं का हे ओळखणारा माणूस बंदरात असायला लागायचा. तोच तुमचा इंटेलिजन्स ऑफिसर.

बरं, सेन्सरच्या टप्प्यात आलेल्या गोष्टीचं तरी काय? हरिहरेश्वर आठवा. १८ ऑगस्ट २०२२, दुसऱ्या दिवशी दहीहंडी, आणि किनाऱ्याला एक बोट लागली, माणूस एक नाही, आत तीन एके-४७ आणि काडतुसं. सगळा रायगड हाय अलर्टवर, आमच्याकडे पण नाकाबंदी, टीव्हीवर तर काय विचारू नका. आणि संध्याकाळपर्यंत काय निघालं? बोट एका ऑस्ट्रेलियन बाईची, मस्कतहून युरोपला निघालेली, जूनमध्ये भर समुद्रात इंजिन बंद पडलं, माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवलं, समुद्र खवळलेला म्हणून बोट ओढून नेता आली नाही ती तिथेच सोडली आणि ती वाहत वाहत कोकणात आली.

आता हाच सीन टेबलावर घ्या. सेन्सरने सगळं बरोब्बर सांगितलं असतं, लांबी किती, आत जीव नाही, शस्त्रं आहेत, इंजिन थंड. एकही माहिती खोटी नाही. आणि त्यावर आपल्या प्लेअरांच्या पार्टीने काय केलं असतं सांगू? मिसाईल. आमच्या पार्टीने तर नक्कीच. खरं उत्तर कुठून आलं तर बोट कुणाच्या नावावर आहे ते काढणं, मालकाला गाठणं, जूनमधला बचावाचा रिपोर्ट शोधणं आणि प्रवाह कुठून कुठे वाहतो ते जुळवणं. फोन आणि कागद! याला मेसेजवाला "काम नाही" म्हणतो. आणि याच्या उलटी गोष्ट २००८ ची, २६/११ च्या अतिरेक्यांनी पळवलेली 'कुबेर' ही पोरबंदरची खरीखुरी मासेमारी बोट होती, कुठल्या सेन्सरला त्यात काय वेगळं दिसणार होतं? एकदा साधी गोष्ट भयंकर दिसते, एकदा भयंकर गोष्ट साधी दिसते, आणि यंत्र दोन्ही वेळा बरोबर असतं.

दुसरा मुद्दा, सिक्युरिटी आणि सायन्स. मंगूज कंपनीने २००८ मध्ये काढलेला ट्रॅव्हलर घ्या, त्यात एजंट नावाचं करिअर आहे आणि त्याचे तीन फाटे आहेत, पोलीस, इंटेलिजन्स आणि कॉर्पोरेट. म्हणजे गेम लिहिणाऱ्यांनाच फरक माहीत होता. माझ्या टेबलावर मी सोपं सांगतो: सायन्सवाला विचारतो हे काय आहे, सिक्युरिटीवाला विचारतो आत कोण घुसलं, आणि इंटेलिजन्सवाला विचारतो समोरचा आपल्याबद्दल काय समजून बसलाय. हा तिसरा प्रश्न दुसरं कोणीच विचारत नाही. १९७१ चं घ्या ना, पाकिस्तानची गाझी पाणबुडी आपल्या विक्रांतच्या मागावर होती आणि विक्रांत होती अंदमानकडे, पण नौदलाने खोटे सिग्नल सोडून असं भासवलं की ती विशाखापट्टणमच्या आसपास आहे. गाझी तिथे आली आणि तिथेच बुडाली. कशाने बुडाली यावर अजून वाद आहेत, पण आपल्या नौदलाच्या म्हणण्याप्रमाणे ती तिथे आली ती या सिग्नलना फसूनच. हे काम सिक्युरिटी ऑफिसरच्या शीटवर कुठे लिहिलंय दाखवा मला.

शिवाय या कॅरेक्टरची खरी इस्टेट म्हणजे बंदूक नाही, ओळखी. मंगूजच्या नियमात कॅरेक्टर बनवतानाच तुम्हाला कॉन्टॅक्ट, साथी, स्पर्धक, दुश्मन मिळत जातात, आणि बहुतेक प्लेअर ती यादी लिहून विसरून जातात. आमच्याकडे कुठल्याही वाडीत नवीन माणूस शिरला की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी म्हातारी विचारतेच, "तुमी खयचे? कोणाकडे इल्यात?" आणि तासाभरात ते अख्ख्या वाडीला माहीत. आम्ही याला गजाली म्हणतो, सरकारी भाषेत त्याला फार मोठं नाव आहे. स्टारपोर्टवरच्या, म्हणजे अंतराळ बंदरावरच्या, कॅन्टीनमध्ये बसून गजाली मारणारा प्लेअर मला मिळाला ना तर मी अर्धं कॅम्पेन, म्हणजे अर्धी गोष्टच, त्याच्या हातात देईन. (इथे कोणीतरी लगेच बहिर्जी नाईक काढणार आणि वेशांतराच्या गोष्टी सांगणार. नाईक ग्रेटच, पण वेशांतर ही गोष्टीतली मजा झाली, बातमी वेळेत महाराजांपर्यंत पोचली नसती तर त्या वेशांतराचं काय लोणचं घालायचं होतं?)

तिसरा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे आणि मी कबूल करतो. गुपितांमुळे टेबल फुटतं, माझंच फुटलंय. दोन वर्षांपूर्वी मी त्या बँकवाल्याला इंटेलिजन्स ऑफिसर केला आणि दर वेळी त्याला पडवीत नेऊन कानात सांगायचो, एकदा तर चाळीस मिनिटं, परत आलो तर बाकीच्यांनी कांदाभजी संपवलेली आणि एकजण झोपलेला. पण ही चूक कुणाची? कॅरेक्टरची का? माझी! मला वाटायचं इंटेलिजन्स म्हणजे गुपित. अहो, बातमी शत्रूपासून लपवायची असते, आपल्या कॅप्टनपासून नाही. कॅप्टनला न सांगितलेली बातमी आणि पेटीत विसरलेला बांगडा, दोन्ही सारखेच.

आता आम्ही असं करतो. सेशन सुरू व्हायच्या आधी इंटेलिजन्सवाल्याला तीन चिठ्ठ्या देतो, त्यातली एक चुकीची असू शकते, कुठली ते त्याला पण माहीत नाही. मग तो सगळ्यांसमोर पाच मिनिटं ब्रीफिंग देतो आणि प्रत्येक बातमीला आणे लावतो, सोळा आणे म्हणजे पक्की, आठ आणे म्हणजे तुमचं तुम्ही बघा. निर्णय पूर्ण टेबलाने घ्यायचा. बास, पडवी बंद. आणि महत्त्वाची बातमी मी फाशांवर टांगत नाही, ही आयडिया माझी नाही, गमशू नावाच्या, तपासाच्या गोष्टी खेळायच्या सिस्टिमची आहे, रॉबिन लॉजची, त्यात बसणारा साय-फाय गेम पण आहे, ॲशन स्टार्स नावाचा. त्यांचं म्हणणं साधं आहे की सुगावा मिळणं ही गंमत नाही, मिळालेल्या सुगाव्याचं काय करायचं ही गंमत आहे. फासे वाईट पडले म्हणून कथाच अडकली तर त्याला काय अर्थ आहे.

चौथ्यावर जास्त वेळ घालवत नाही. मन वाचणारे आहेत म्हणून हेर नाहीत? ट्रॅव्हलरमध्ये झोदानींचं अख्खं राज्य सायॉनिकवाल्यांच्या, म्हणजे मन वाचणाऱ्यांच्या, हातात आहे आणि तरी त्यांना विचार-पोलीस ठेवायला लागतात. मन वाचायला आधी कुणाचं वाचायचं ते कळावं लागतं, मन वाचू न देणारं शील्ड हा प्रकार पण गेममध्ये आहे, आणि ज्या पोराला पाकिटात काय आहे हेच माहीत नाही त्याचं मन वाचून तुम्हाला पाकीट मिळेल, मजकूर नाही. उलट अशा जगात इंटेलिजन्स ऑफिसर खेळायला दुप्पट मजा येते.

आणि नवख्याला जमत नाही म्हणे. आमचा रापणकर पोरगा, वय वर्षं एकोणीस, या जूनमध्ये पहिल्यांदा खेळायला बसला आणि बाकीची कॅरेक्टरं आधीच घेतलेली म्हणून उरलेलं हेच त्याच्या पदरात पडलं. मला खरंच वाटलेलं गेलं हे सेशन. स्टारपोर्टवर एक मालवाहू जहाज उभं, म्हणतंय की शेजारच्या सिस्टिमला जंप मारणार आहे, टाक्या हायड्रोजनने फुल्ल. कॅप्टनला काहीच वावगं दिसेना, सिक्युरिटीने कागद बघितले, सगळं ओके. हा पोरगा गप्प बसलेला, आणि मग मला विचारतो, "दादा, रेशन किती भरल्यानी त्येनी?"

मी नोट्समध्ये बघितलं. मी खर्चाची यादी केली होती पण त्यात रेशन, हवा, पाणी काही लिहिलंच नव्हतं, कारण ते जहाज कुठे जाणारच नव्हतं. म्हटलं, काही नाही भरलेलं. तर म्हणाला, जंपला आठवडा लागतो तुम्हीच सांगितलं, आठवड्याचं रेशन नाही म्हणजे हे जंप मारत नाहीत. आमच्याकडे कोणी डिझेल फुल्ल केलं आणि बर्फ घेतला नाही तर तो मासे मारायला जात नाही, तो भर दर्यात कुणालातरी डिझेल द्यायला जातो.

त्या सिस्टिममध्ये गॅस जायंट, म्हणजे ज्यातून हायड्रोजन भरून घेता येतो असा वायूचा मोठा ग्रह, नव्हता, म्हणजे फुकटचं इंधन नाही, आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात मी एक लुटारू जहाज लपवून ठेवलेलं, तिसऱ्या सेशनला बाहेर काढायचं म्हणून. पहिल्या अर्ध्या तासात त्याने ते काढलं, एक फासा न टाकता. कॅप्टनने विचारलं खात्री किती, तर पोरगा थोडा विचार करून म्हणाला, "बारा आणे." उरलेल्या चार आण्यांसाठी त्यांनी लाईट बंद करून एक छोटी होडी, म्हणजे शटल हो, पट्ट्याकडे पाठवली आणि मी मेणबत्ती पुढे ओढून नकाशा काढायला बसलो, कारण पुढचं माझ्याकडे काहीच लिहिलेलं नव्हतं.